पाकळीचा ल अर्ज केल्यावर मिळेल

महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत हवी, असा कायदा आहे. २०२२ साली त्यात दुरुस्ती होऊन आणखी एक अट आली: पाटीवरची देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालणार नाहीत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि मग भराभर पाट्या बदलल्या. उंची मोजपट्टीनं मोजता येते, त्यामुळे उंची मोजली गेली. पण त्या नव्याकोऱ्या, उंचीला पुरेपूर भरलेल्या पाट्यांवरचं ‘ज्वेलर्स’ बघा, ‘लाँड्री’ बघा, ‘शूज’ बघा. ‘ल’च्या उजव्या हाताला सरळसोट दंड आहे. ‘श’च्या डोक्यावर गाठ आहे. पाटी मराठी, ल लखनौचा.

आपला ल दंड बाळगत नाही. दोन पाकळ्या, मधून शिरोरेघेपर्यंत गेलेली छोटी दांडी, संपला ल. आपल्या ‘श’लाही गाठ नसते, देठ असतो. आता हे वाचताना तुम्ही आधीच्या ओळीतल्या ‘ल’कडे नजर टाकली असेल आणि तो दंडाचाच निघाला असेल, तर कृपया मला फोन करू नका. मी नुसता ल लिहिला आहे. तो दिसावा कसा, हे ठरवणारी मंडळी वेगळी आहेत.

शासनाला हे ठाऊक नाही असं नाही. २००९ साली मराठी वर्णमाला प्रमाण करणारा शासन निर्णय निघाला, त्यात ल पाकळीचा आणि श देठाचा हे ठरलं. २०२२ साली तेच पुन्हा ठरलं. एकच ल दोनदा मंजूर करावा लागतो, यावरून पहिल्या मंजुरीचं काय झालं ते सुज्ञांनी ओळखावं.

गोम अशी आहे, की संगणकाच्या लेखी ल एकच. युनिकोडनं प्रत्येक अक्षराला क्रमांक दिला, त्यात ‘ल’ला मिळाला ०९३२. हिंदीचा ल, मराठीचा ल, नेपाळीचा, संस्कृतचा, कोकणीचा, सगळे याच क्रमांकाच्या खोलीत राहतात. तत्त्वतः यात चूक काही नाही. अक्षर तेच, वळण वेगळं, आणि वळण सांभाळणं हे फाँटाचं काम. म्हणून जाणता फाँटकार दोन्ही ल रेखतो. एक दर्शनी ठेवतो, दुसरा आत. दर्शनी कोणता? ज्याची गिऱ्हाइकं जास्त तो. अशा रीतीनं पाटीवर गिरवलेला, आजीच्या पत्रातला, तुमचा-माझा रोजचा ल फाँटाच्या दफ्तरी ‘पर्यायी रूप’ म्हणून जमा झाला आहे. हवा असेल तर मिळतो. अर्ज करावा लागतो.

माळ्यावरच्या पितळी भांड्यांचं जसं असतं, तसं आहे हे. घंगाळ आहे, समया आहेत, मोठी परात आहे. पाहुण्यांना अभिमानानं सांगितलं जातं की आहेत. काढत मात्र कोणी नाही, कारण शिडी शेजाऱ्यांनी नेली आहे आणि ते गावाला गेलेत.

इंग्रजीवाल्यांकडेही पर्यायी अक्षरं असतात, पण ती हौसेची. हर्मान झाफ यांचा ‘झाफिनो’ नावाचा फाँट आहे. त्यात एकाच अक्षराची अनेक रूपं. एखाद्या ‘डी’चा झोका पार वरच्या ओळीत जातो. त्या फाँटात ‘झाफिनो’ हेच नाव टंकलं, की सगळा शब्द मिळून एकच नक्षीदार चित्र उमटतं. इंग्रज माणूस लग्नाच्या पत्रिकेसाठी अक्षरांच्या यादीत शिरतो आणि मनाजोगता झोका घेऊन बाहेर येतो. आपण त्याच यादीत शिरतो ते झोक्यासाठी नव्हे. आपल्याला साधा, बिनझोक्याचा, घरचा ल हवा असतो.

खिळ्यांच्या काळात ही भानगड नव्हती. छापखान्यात जो ल असेल तो छापायचा. देवनागरीचा संच म्हणजे सव्वीस अक्षरांचा मामला नव्हे. जोडाक्षरं, रफार, उकार, वेलांट्या धरून शेकड्यांनी खिळे, आणि मधोमध उभा राहून न बघता नेमक्या खणात हात घालणारा कंपॉझिटर. जावजी दादाजींच्या ‘निर्णयसागर’चे खिळे त्या काळी देशभर नावाजलेले. संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्यांनी ‘केसरी’साठी मोठा खटाटोप केला. सावरकरांनी तर इ, ई, उ, ऊ यांना रजा देऊन ‘अ’लाच वेलांट्या नि उकार लावायला सांगितलं. थोडक्यात, आपले पुढारी एका हातानं साम्राज्याशी लढत होते आणि दुसऱ्या हातानं खिळे मोजत होते.

त्याच काळातली एक देवाणघेवाण मला नेहमी आठवते. उत्तरेकडे अ, झ आणि ण वेगळ्या वळणाचे होते. मुंबई वळणाचे अ, झ, ण सुटसुटीत म्हणून पुढे हिंदीनंही प्रमाण मानले. आज दिल्लीतलं पोर ‘झ’ काढतं तो मुंबईचा. म्हणजे आपण तीन अक्षरं देशाला दिली आणि मोबदल्यात दोन आली, ल आणि श. तीही न मागता.

संगणक आला तेव्हा सुरुवातीच्या फाँटांत खण होते २५६. एवढ्यात मराठी बसवायची. ज्या जोडाक्षराला समोर जागा मिळाली नाही, ते ऑल्टची कळ दाबून आकडे मारल्यावर उमटायचं. डीटीपीवाल्यांच्या मॉनिटरशेजारी चिकटवलेला तो पिवळा पडलेला तक्ता ज्यांनी पाहिला, त्यांना ‘ह्म’ आणि ‘द्ध’ यांची किंमत माहीत आहे. जुने ऑपरेटर तक्त्याकडे बघायचेही नाहीत. त्यांना घरच्यांचे वाढदिवस आठवत नसत, ‘ट्ठ’चा आकडा आठवे.

१९९६ साली मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी मिळून ओपनटाइप आणलं. आता एका फाँटात ६५,५३५ चित्रं मावतात. जागेचा प्रश्न कायमचा सुटला आणि फाँटकारांनी सगळी हौस भागवून घेतली. आयआयटी मुंबईच्या ‘शोभिका’त सोळाशेच्या वर देवनागरी चित्रं आहेत, ‘चंदस’ नावाच्या संस्कृत फाँटात चार हजारांच्या वर. पाच व्यंजनं एकावर एक चढलेला ‘कार्त्स्न्य’ हा शब्द नव्या फाँटांची चाचणी घ्यायला हमखास वापरला जातो आणि चांगले फाँट त्यात उत्तीर्णही होतात. हा शब्द मी आजवर एकाही जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही. पण उद्या कोणी म्हणालाच, तर छपाईची सोय आहे.

अडचण जागेची उरली नाही, पत्त्याची झाली. फाँटातल्या प्रत्येक सोयीला चार अक्षरी संकेत असतो. चार म्हणजे चारच. अखंड, नुक्ता, हलंत, रफार यांचे रोमन अक्षरांतले आखूड अवतार त्यात भेटतात. भाषेप्रमाणे आपोआप वळण बदलण्याच्या सोयीचा संकेत ‘एल-ओ-सी-एल’. तिथं मराठीचा स्वतःचा संकेत आहे एम, ए, आर आणि चौथी एक रिकामी जागा, कारण चार भरायलाच हवेत. वेबपानावर हीच मराठी ‘एम-आर’ होते. लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत ‘मराठी’ हे आख्खं नाव रोमनमध्ये लिहावं लागतं. अर्जदाराचं नाव तीन कार्यालयांत तीन तऱ्हेनं नोंदलेलं आहे आणि कुठेही स्पेलिंग चुकलं तर ल दंडाचा. लिपीचीही तीच गत. जुन्या नियमांची देवनागरी ‘देव’ अशा संकेतानं ओळखली जाते आणि सुधारलेल्या नियमांची ‘देव दोन’. देवाचीही दुसरी आवृत्ती काढावी लागते, तिथं आपल्या पुस्तकांचं काय घेऊन बसलात.

आमच्या सोसायटीतल्या नानांनी कवितासंग्रह काढायचा ठरवला, तेव्हा हे सगळं माझ्या अंगावर आलं. नाना निवृत्त मुख्याध्यापक, शुद्धलेखनाचे कडवे, आणि मी अधूनमधून दिवाळी अंकांची प्रुफं बघतो म्हणून ‘तुमच्याच हातून होऊ दे’. पहिलं प्रूफ हातात घेतल्यावर त्यांनी कविता वाचली नाही. चष्मा वर सरकवून म्हणाले, “हा ल कोणाचा?”

डीटीपी करणाऱ्या ताई कामाला अतिशय चोख. आम्ही दोघं त्यांच्या टेबलाशी जाऊन उभे राहिलो.

“ताई, हा ल बदलता येईल का?”

“फाँटच तसा आहे, सर.”

“त्याच फाँटात दुसरा ल आहे म्हणे.”

“असेल. पण तो येत नाही.”

वाक्य सोपं होतं, पण साऱ्या प्रकरणाचं सार त्यात होतं. आहे, पण येत नाही. मग शोध सुरू झाला. इनडिझाइनमध्ये ‘ग्लिफ्स’ नावाची एक खिडकी उघडते, त्यात फाँटातली सगळी चित्रं खानेसुमारीला उभी असतात. ताईंनी ती उघडली आणि खाली-खाली जात राहिल्या. अर्धा क, अर्धा ख, रफार लागलेल्या वेलांट्या, ‘ह्’ला चिकटलेली भावंडं, ‘रु’ वेगळा, ‘रू’ वेगळा. आणि मग बऱ्याच खाली, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पाकळीचा ल.

“अगं बाई,” ताई म्हणाल्या, “हा इथंच होता?”

त्यांनी त्याच्यावर दोनदा क्लिक केलं, कवितेत एक पाकळीचा ल उमटला आणि नानांनी टाळी वाजवली. मग ताईंनी शांतपणे विचारलं, “संग्रहात किती ल असतील?” प्रेमकवितांचा संग्रह होता. मराठी भूतकाळ बहुतेक ‘ल’वर चालतो. गेला, आला, भेटली, रुसली, राहिलं. नानांच्या कवितेत वर्तमानकाळ जवळजवळ नव्हताच.

शोधा-बदला हा मार्ग निघाला. चित्राच्या जागी चित्र बदलता येतं, ताईंनी ते बदललंही. ‘लाल’ मराठी झाला. पण त्या फाँटात ‘क्ल’ आणि ‘ल्ल’ ही एकसंध चित्रं होती, त्यांच्या पोटातला ल वेगळा सापडत नाही, म्हणून बदलत नाही. त्यामुळे ओळ अशी झाली, की ‘गल्ली’ उत्तर प्रदेशातली आणि तिच्यातून चाललेली ‘मुलगी’ सातारची.

खरा रस्ता तो नव्हेच. खरा रस्ता म्हणजे परिच्छेदाला आधी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर लावायचा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते. मग मजकुराची भाषा मराठी निवडायची. आणि तरीही ल हलला नाही तर ओपनटाइपच्या यादीत जाऊन ‘स्टायलिस्टिक सेट’ तपासायचे. असे सेट वीसपर्यंत असू शकतात. कुठल्या सेटमध्ये काय ठेवलंय हे फाँटकाराच्या मर्जीवर. एका फाँटात पहिल्या सेटमध्ये मराठी ल-श सापडतील, दुसऱ्यात तिथं जुन्या वळणाचा झ, तिसऱ्यात काहीच नाही. सेटना नावं देण्याची सोय आहे, पण बरेच फाँटकार देत नाहीत. एक ते वीस बटणं दाबून बघणं आणि प्रत्येक वेळी पानात नेमकं काय बदललं ते शोधणं, हा उद्योग ताईंनी दुपारच्या चहापर्यंत केला. अकराव्याला काहीतरी बदललं असं नानांचं म्हणणं होतं. ते काय, हे त्यांना सांगता आलं नाही.

शेवटी माझा भाचा धावून आला, फोनवरून. तो लाटेकवाला. लाटेकवाली माणसं दिसायला तुमच्या-आमच्यातलीच असतात, पण कुठलंही छापील पान हातात दिलं तर आधी समास बघतात. या पंथाचे मूळपुरुष डोनाल्ड क्नूथ. १९७७ साली स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्या हाती आली, अक्षरं आवडली नाहीत, म्हणून त्यांनी अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता, दहाएक वर्षं गेली. मराठी लेखकाला प्रूफ आवडलं नाही तर तो फार तर प्रकाशकाशी बोलणं टाकतो. क्नूथ यांच्या या प्रणालीचं नाव ‘टेक’, लाटेक तिच्यावरच उभं आहे. ‘टेक’चा आवृत्ती-क्रमांक दर सुधारणेला ‘पाय’च्या किमतीजवळ सरकतो, ३.१४१५९ असा. आपल्या मृत्यूनंतर तो थेट पाय करावा आणि उरलेल्या चुकांना वैशिष्ट्यं समजावं, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. ही दुसरी अट आपल्याकडचे बरेच मुद्रक क्नूथ हयात असतानाच पाळतात.

देवनागरीच्या बाबतीत हा पंथ मागे नव्हता. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातल्या फ्रान्स वेल्थाउस यांनी १९९१ साली टेकसाठी देवनागरीची सोय केली, आणि त्या पॅकेजात मुंबई वळण, कलकत्ता वळण, नेपाळी वळण अशा वेगवेगळ्या आज्ञाही आल्या. कुठं ते डच विद्यापीठ! तिथून निघालेल्या पॅकेजाला मुंबईचं वळण वेगळं असतं हे कळलं होतं. आमच्या कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याला अजून कळायचंय, आणि त्याचं दुकान मुंबईत आहे.

“मामा, लिहून घे,” भाचा म्हणाला. “उलटी तिरकी रेघ.”

“उलटी म्हणजे कुठल्या बाजूला पडलेली?”

“डावीकडे झुकलेली. पुढे सेटमेनफाँट. चौकोनी कंस. स्क्रिप्ट बरोबर देवनागरी, स्वल्पविराम, लँग्वेज बरोबर मराठी. कंस पूर्ण. मग महिरपी कंसात फाँटाचं नाव.”

“सगळं इंग्रजीत?”

“सगळं इंग्रजीत.”

मराठी ल मिळवायचा अर्ज इंग्रजीत करायचा असतो, ही माहिती नानांना मी दिली नाही. त्यांचा रक्तदाब आधीच वर होता.

झीलाटेक, म्हणजे लाटेकचाच एक अवतार, चालवलं. पडद्यावरून बराच वेळ ओळी वाहिल्या आणि पीडीएफ तयार झाली. ल दंडाचा.

“लँग्वेज मराठी लिहिलंस ना?”

“लिहिलं.”

“मग लॉग बघ.”

लॉग म्हणजे प्रणालीनं काम करताना केलेली पुटपुट. लांबलचक फाईल असते आणि ती कोणी वाचत नाही. तिच्यात मध्यावर कुठेतरी एक नम्र सूचना होती: या फाँटात देवनागरी लिपीखाली मराठी भाषा उपलब्ध नाही, त्याऐवजी डीफॉल्ट भाषा वापरली आहे. चूक म्हणून नव्हे, फक्त सूचना म्हणून. काम थांबत नाही. पुस्तक छापून होतं, प्रकाशन होतं, पाहुणे भाषणं करतात, आणि मराठी उपलब्ध नव्हती हे फक्त लॉग फाईलला माहीत असतं.

नानांना हे वाचून दाखवावंच लागलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “डीफॉल्ट भाषा कुठं बोलतात?”

फाँट बदलला. बदलण्याआधी भाच्यानं एक युक्ती शिकवली. फाँट हाती घेतला की आधी त्याला ‘ओटीएफइन्फो’ नावाची आज्ञा द्यायची, म्हणजे तो आपल्या पोटातली सोयींची यादी आणि येत असलेल्या भाषा कबूल करतो. मुलगी बघायला जाताना पत्रिका आधी मागवावी, हा विचार मला डीटीपीच्या आयुष्यात कोणी सुचवला नव्हता. या यादीत मराठी दिसली तरच पुढची बोलणी. दिसली नाही पण स्टायलिस्टिक सेट दिसले, तर तेही मागता येतात. मात्र इथं हिशेब सांभाळायचा: स्टायलिस्टिक सेट एकपासून मोजतात आणि नुसते पर्याय, म्हणजे ‘अल्टरनेट’, शून्यापासून. पहिला पर्याय हवा तर शून्य म्हणायचं. नानांनी गणित शिकवलं होतं. त्यांना हे शांतपणे समजावून सांगणारा भाचा पुढं आयुष्यात काहीही करू शकेल.

नव्या फाँटात मराठी होती. पान उघडलं आणि सगळे ल एकदम पाकळ्यांचे. ‘गल्ली’तलेसुद्धा, ‘क्लेश’सुद्धा. एका शब्दाची किमया, आणि तो शब्द आपल्या भाषेचं नाव. मूळ फाईलमधून मजकूर उचलून दुसरीकडे टाकला तरी काही बिघडत नाही, कारण खाली क्रमांक तोच, ०९३२. मी उत्साहानं एक कविता उचलून सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. तिथं दंड परत आला. फोनला जो फाँट मिळेल आणि फोन स्वतःला ज्या भाषेचा समजत असेल, त्याप्रमाणे ल ठरतो. फाँटात सोय असली तर मराठीत ठेवलेल्या आजीच्या फोनवर पाकळी दिसेल आणि इंग्रजीत ठेवलेल्या नातवाच्या फोनवर त्याच निरोपात दंड. दोघं एकमेकांना फोन दाखवत नाहीत म्हणून घरात शांतता आहे.

गोव्यातल्या एका कोकणी लेखक मित्राला मी मोठ्या ऐटीत ही युक्ती सांगितली. त्याचे ल आणि श आपल्याच वळणाचे. त्यानं भाषा म्हणून इमानदारीनं कोकणी लिहिली. ओपनटाइपमध्ये कोकणीचा स्वतंत्र संकेत आहे, पण त्याच्या फाँटात नोंद फक्त मराठीची. परिणामी स्वतःची भाषा खरी सांगितली तर ल परका, आणि घरचा ल हवा तर मजकूर मराठी आहे असं लिहून द्यायचं. गोव्यातल्या माणसाकडून हे लिहून घ्यायचं म्हणजे काय, हे ज्यांना तिथला भाषावाद माहीत आहे त्यांना सांगायला नको. त्यानं दंडाचा ल पत्करला.

‘ल’चा विजय साजरा करताना दुसऱ्या प्रुफात नानांना ‘दर्याखोऱ्यांत’ सापडला. आपला र ‘य’ किंवा ‘ह’ला जोडताना कधी रफार होऊन डोक्यावर बसतो, कधी आडव्या कोयत्यासारखा पुढ्यात येतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना दक्षिणा देतात, आचाऱ्यांना मजुरी. हा दुसरा र फाँटाच्या सोयींत शोधायचा नसतो, तो टंकतानाच वेगळा घ्यावा लागतो: खाली नुक्ता दिलेला ऱ, मग हलंत, मग य. टंकणाऱ्यानं एकाच शब्दात एकदा साधा र घेतला होता आणि एकदा नुक्त्याचा. सह्याद्रीत अर्धा समुद्र शिरला होता. “कार्त्स्न्य जमतं यांना,” नाना म्हणाले, “आणि वऱ्हाड जमत नाही.”

तेही दुरुस्त झालं. पुस्तक छपाईला गेलं. आतलं पानन्‌पान पाकळीचं, देठाचं, कोयत्याच्या जागी कोयता. नाना इतके खूश, की भाच्याला फोन करून त्यांनी उलट्या तिरक्या रेघेचंही कौतुक केलं.

प्रती घरी आल्या त्या दिवशी मी तिथंच होतो. मुखपृष्ठ करणारे गृहस्थ वेगळे. त्यांचं सॉफ्टवेअर वेगळं, फाँट वेगळा, आणि कव्हरचं प्रूफ वाचायचं असतं हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. संग्रहाच्या नावात दोन ल आणि एक श. सोनेरी फॉइलमध्ये, अंगठ्याएवढे. दोन्ही ‘ल’ना दंड, ‘श’ला गाठ.

नानांनी आरडाओरडा केला नाही. आतून दाढीचं ब्लेड आणलं आणि एका प्रतीवरच्या ‘ल’चा सोनेरी दंड हळूहळू खरवडून काढला. मग दुसऱ्याचा. काम सुबक झालं. पण दंडाच्या ‘ल’चा दंड काढला की पाकळीचा ल होत नाही, ‘कल्याण’मधला अर्धा ल उरतो. हे त्यांच्या लक्षात येईपर्यंत भेट द्यायच्या पंचवीस प्रती खरवडून झाल्या होत्या.

त्याच प्रती प्रकाशनाला गेल्या. पाहुण्यांनी पुस्तक उंचावलं, फोटो निघाले, आणि खाली उतरताना एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, “सर, नावातले दोन्ही ल अर्धे का?”

“एवढेच मंजूर झाले,” नाना म्हणाले.